प्रोव्हिजनल अर्ज मामा-भाच्याच्या नावाने, कम्प्लीट कंपनीच्या नावाने: मधल्या काळात मालकी कशी हस्तांतरित करावी

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगावच्या उद्यमबागेत फॅब्रिकेशनचा कारखाना चालवणाऱ्या एका गृहस्थांनी आणि त्यांच्या भाच्याने मिळून गुऱ्हाळाच्या चुलवाणात वाळलेले चिपाड ठराविक प्रमाणात आपोआप सोडणारे यंत्र तयार केले आणि त्याचा प्रोव्हिजनल, म्हणजे शोधाची तारीख राखणारा प्राथमिक, पेटंट अर्ज दोघांच्या नावाने दाखल केला. त्याला आता दहा महिने होत आले आहेत. दरम्यान कोल्हापूरच्या एका भांडवलदाराला बरोबर घेऊन त्यांनी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढली. कारखान्यातल्या डिझायनरने हवेचा झोत कमी-जास्त करणारी एक झडप त्या यंत्राला जोडली. भाचा पुण्यात नोकरीला आहे. हेच तंत्र इतर जैवइंधनाच्या भट्ट्यांनाही चालेल म्हणून अमेरिकेत अर्ज करण्याचाही विचार आहे. कम्प्लीट अर्ज, म्हणजे शोधाचे पूर्ण वर्णन आणि कोणत्या भागावर हक्क मागतो ते सांगणारे दावे असलेला, थेट कंपनीच्या नावाने करता येईल का, की आधी प्रोव्हिजनल अर्ज कंपनीच्या नावावर करून घ्यावा लागेल, आणि झडपेसाठी कंपनीच्या नावाने दुसरा प्रोव्हिजनल करून पुढे दोन्ही एकत्र करता येतील का, असे तीन प्रश्न त्यांनी विचारले आहेत.

मी बेळगाव, निपाणी, चिक्कोडी आणि पलीकडे कोल्हापूर या पट्ट्यात नोंदणीकृत पेटंट एजंट म्हणून काम करतो. आपल्याकडे शोध बहुधा घरच्या किंवा कारखान्याच्या दोघा-तिघांच्या नावावर सुरू होतो आणि पैसा आला की कंपनी येते, त्यामुळे हा प्रश्न मला नवा नाही. बहुतेक जण तो फॉर्मवर कोणाचे नाव घालायचे, इतकाच समजतात. खरा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. शोधावरचा हक्क ज्या ज्या माणसाकडे जन्माला आला, त्या प्रत्येकाकडून तो लेखी दस्ताने कंपनीकडे आला आहे का, आणि त्या दस्ताची तारीख ज्या अर्जात कंपनीचे नाव लागणार त्या अर्जाच्या आधीची आहे का, हे प्रथम पाहावे लागते. ही साखळी पूर्ण असेल तर फॉर्मचे काम सरळ होते. एक कडी सुटली असेल तर फॉर्म बिनचूक भरूनही पेटंट पुढे अडचणीत येऊ शकते.

आधी भारतातली स्थिती पाहू, कारण इथे एक मोठा गैरसमज आहे. आपल्या पेटंट कायद्यात, म्हणजे १९७० च्या अधिनियमात, प्रोव्हिजनल आणि कम्प्लीट हे दोन वेगळे अर्ज नसतात. अर्ज एकच असतो. त्याच्यासोबत आधी प्रोव्हिजनल स्पेसिफिकेशन, म्हणजे शोधाचे लेखी वर्णन, जाते आणि कलम ९ प्रमाणे बारा महिन्यांच्या आत त्याच अर्ज क्रमांकावर कम्प्लीट स्पेसिफिकेशन दाखल होते. अमेरिकेत मात्र हे दोन स्वतंत्र अर्ज असतात आणि नंतरचा अर्ज आधीच्याचा हवाला देतो. इंटरनेटवर वाचायला मिळणारे बरेचसे सल्ले अमेरिकन पद्धतीचे असल्यामुळे ‘प्रोव्हिजनल हस्तांतरित करायचा की नंतरचा अर्ज’ हा पेच आपल्याला पडतो. भारतात तो पेच नाही. तुमचा अर्ज एक आहे, त्याचे अर्जदार आज तुम्ही दोघे आहात, आणि त्याच अर्जावर तुमच्या जागी कंपनीचे नाव आणायचे आहे.

ते काम कलम २० खाली होते. पेटंट मिळण्यापूर्वी कोणत्याही टप्प्यावर, अर्जदाराने केलेल्या लेखी हस्तांतराच्या किंवा कराराच्या आधारे, नवा हक्कदार फॉर्म ६ भरून कंट्रोलरकडे, म्हणजे पेटंट अर्जांवर निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्याकडे, मागणी करू शकतो की अर्ज यापुढे माझ्या नावाने चालवावा. तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की, फॉर्म ६ न देता नुसत्या कम्प्लीट स्पेसिफिकेशनवर कंपनीचे नाव घालू नका. ते नाव कार्यालयाच्या नोंदीशी जुळणार नाही आणि आक्षेप येईल. फॉर्म ६ कम्प्लीट स्पेसिफिकेशनच्या आधी देता येतो, त्याच दिवशी देता येतो, किंवा नंतरही देता येतो.

यातला ‘नंतरही’ हा शब्द लक्षात ठेवावा. बारा महिन्यांची मुदत कायद्यातच घातलेली आहे. ती चुकली तर अर्ज सोडून दिला असे धरले जाते आणि ती वाढवून मिळत नाही. अर्जदार बदलण्याला भारतात अशी घाई नाही. म्हणून भाच्याची सही अडली, कंपनीचा ठराव व्हायचा राहिला किंवा स्टँपचे काम लांबले, तर कम्प्लीट स्पेसिफिकेशन तुम्हा दोघांच्याच नावाने मुदतीत दाखल करून टाका आणि फॉर्म ६ मागाहून द्या. मालकीचा कागद तयार होईपर्यंत स्पेसिफिकेशन थांबवून ठेवणे हा या सगळ्या प्रकारातला सर्वांत महागडा निर्णय ठरतो, कारण गेलेली तारीख कोणत्याही दस्ताने परत आणता येत नाही.

दुसऱ्या प्रोव्हिजनलचा प्रश्न इथेच संपवू. कलम ९ च्या दुसऱ्या पोटकलमात अशी सोय आहे की परस्परसंबंधित शोधांचे, किंवा एक शोध दुसऱ्याची सुधारणा असेल असे, दोन वा अधिक प्रोव्हिजनल एकाच कम्प्लीट स्पेसिफिकेशनमध्ये एकत्र करता येतात. पण ते अर्ज एकाच अर्जदाराच्या नावाने असावे लागतात. पहिला तुमच्या दोघांच्या नावाने आणि दुसरा कंपनीच्या नावाने राहिला, तर ते तसेच एकत्र होणार नाहीत. आधी पहिल्यावर फॉर्म ६ करून कंपनीला आणावे लागेल, आणि तरीही बारा महिने पहिल्या अर्जाच्या तारखेपासूनच मोजले जातील. तुमच्याकडे उरलेल्या दोन महिन्यांत एवढी धावपळ करण्यापेक्षा झडप थेट कम्प्लीट स्पेसिफिकेशनमध्ये घालणे मला सोयीचे वाटते. त्याची किंमत एवढीच की प्रत्येक दाव्याची प्रायॉरिटी तारीख, म्हणजे शोध नवा आहे की नाही हे ज्या तारखेला धरून तपासतात ती, वेगळी ठरते. चिपाड सोडण्याच्या मूळ यंत्रणेला प्रोव्हिजनलची तारीख मिळेल, झडपेच्या दाव्याला कम्प्लीट दाखल केल्याची तारीख मिळेल. झडप बसवलेले यंत्र अजून कोणत्या गुऱ्हाळावर उघडपणे चालवून दाखवले नसेल किंवा विकले नसेल, तर या फरकाने फारसे बिघडत नाही. दाखवले असेल, तर एजंटला ते आजच सांगा.

आता माणसांकडे वळू, कारण साखळी माणसांपाशीच तुटते. पहिला भाचा. तुम्ही दोघे संयुक्त अर्जदार असल्यामुळे तुमच्या एकट्याच्या दस्तावर कंट्रोलर अर्ज कंपनीच्या नावाने चालवू देणार नाही. कलम २० मध्येच असे आहे की संयुक्त अर्जदारांपैकी एकाने केलेल्या हस्तांतरावर दुसऱ्याच्या संमतीशिवाय आदेश देता येत नाही. भाचा स्वतःही हस्तांतर करून देणार असेल तर त्याची संमती त्यातच आली. त्याला आपला वाटा स्वतःकडे ठेवायचा असेल तर तुमच्या जागी कंपनी आणि सोबत भाचा असे दोन अर्जदार राहू शकतात. मात्र मग कलम ५० चे नियम समजून घ्या. सहमालकांचा वाटा, वेगळे ठरले नसेल तर, समान मानला जातो. प्रत्येक सहमालक दुसऱ्याला हिशेब न देता स्वतःच्या फायद्यासाठी शोध वापरू शकतो. पण दुसऱ्याच्या संमतीशिवाय तो परवाना देऊ शकत नाही किंवा आपला वाटा विकू शकत नाही. कोल्हापूरच्या भांडवलदाराने कंपनीत पैसे घातले आणि कंपनीला भाच्याच्या सहीशिवाय साधा परवानाही देता आला नाही, तर वाद कुठून सुरू होईल हे वेगळे सांगायला नको. मामा-भाच्याच्या नात्यात हे बोलायला अवघड जाते, म्हणूनच ते आज, सगळे गोडीत असताना, कागदावर आणावे.

भाच्याच्या बाबतीत दुसरी गोष्ट त्याहून नाजूक आहे. तो पुण्यात कोणत्या कामावर आहे आणि त्याच्या नेमणूकपत्रात काय लिहिले आहे, हे कोणी पाहिले आहे का? अनेक कंपन्यांच्या नेमणूकपत्रात असे कलम असते की नोकरीच्या काळात कर्मचाऱ्याने लावलेला, कंपनीच्या व्यवसायाशी संबंधित असा प्रत्येक शोध कंपनीच्या मालकीचा राहील. शिक्षणसंस्थांचेही बौद्धिक संपदेचे धोरण असते. त्यात संस्थेची साधने वापरून लावलेल्या शोधावर संस्थेचा हक्क सांगितलेला असतो. भाचा सॉफ्टवेअरच्या नोकरीत असेल आणि यंत्र तुमच्या शेडमध्ये रविवारी तयार झाले असेल, तर बहुधा चिंता नाही. तो बॉयलर किंवा भट्ट्या बनवणाऱ्या कंपनीत डिझाइन विभागात असेल, तर मात्र त्याने आपला हक्क तुम्हाला देण्याआधी तो त्याच्याकडे होता का, हाच प्रश्न उभा राहतो. अशा वेळी त्या कंपनीकडून ‘या शोधावर आमचा हक्क नाही’ असे लेखी पत्र घेणे हाच खरा उपाय असतो. ते पत्र मिळायला वेळ लागतो, म्हणून ते काम सगळ्यांत आधी सुरू करावे. नेमणूकपत्र न वाचता मी कोणत्याही नोकरदार संशोधकाचा हस्तांतर दस्त लिहीत नाही. ते पत्र घरात सापडत नाही असे सांगणाऱ्याला ते एचआरकडून ईमेलवर मागवायला सांगतो.

दुसरा माणूस तुमचा डिझायनर. ‘तो आमच्या पगारावर आहे, म्हणून झडप आमचीच’ असे तुम्ही लिहिले आहे. हे इतके सरळ नाही. कॉपीराइटच्या कायद्यात, म्हणजे १९५७ च्या अधिनियमाच्या कलम १७ मध्ये, नोकरीच्या ओघात केलेल्या कृतीचा पहिला मालक नियोक्ता असतो अशी स्पष्ट तरतूद आहे. पेटंट कायद्यात तशी तरतूद नाही. इथे अर्ज करण्याचा हक्क कलम ६ प्रमाणे खऱ्या आणि पहिल्या संशोधकाला, त्याने ज्याच्या नावे तो हक्क लेखी सोपवला त्याला, किंवा मृत व्यक्तीच्या कायदेशीर प्रतिनिधीला असतो. पगारपत्रक म्हणजे हस्तांतराचा दस्त नव्हे. शिवाय तो कोणाच्या पगारावर होता, तुमच्या जुन्या कारखान्याच्या की नव्या कंपनीच्या, हेही पाहावे लागेल.

म्हणून आधी ठरवायचे ते हे की डिझायनर संशोधक आहे की नाही. तुम्ही ‘झोत कमी-जास्त व्हायला हवा, इथे एक झडप दे’ असे सांगितले आणि त्याने बाजारात मिळणारी झडप चित्रात बसवली असेल, तर तो आखणी करणारा आहे, संशोधक नव्हे. चिपाडाच्या ओलाव्याप्रमाणे झडप किती उघडायची याची यंत्रणा त्याने स्वतः सुचवली असेल आणि तिच्यावर तुम्ही दावा करणार असाल, तर तो त्या दाव्यापुरता संशोधक आहे आणि त्याचे नाव घालावेच लागेल. यात मनाचा मोठेपणा किंवा कंजूषपणा यांचा प्रश्न नाही. खरा संशोधक वगळला तर शोध चुकीच्या मार्गाने मिळवला या कारणावर कलम २५ खाली विरोध होऊ शकतो आणि पेटंट मिळाल्यावरही कलम ६४ खाली ते रद्द करण्याची मागणी होऊ शकते. नोकरी सोडून शिरोलीच्या एखाद्या स्पर्धकाकडे गेलेला नाराज डिझायनर ही त्या स्पर्धकाच्या वकिलासाठी आयती संधी असते.

त्याचे नाव घालणे अवघड नाही. कम्प्लीट स्पेसिफिकेशनबरोबर संशोधकत्वाची घोषणा फॉर्म ५ मध्ये द्यायची असते आणि अर्जात ज्यांचा उल्लेख नव्हता अशा वाढीव संशोधकांच्या संमतीची जागा त्याच फॉर्ममध्ये आहे. पण फॉर्म ५ वरच्या सहीने मालकी हलत नाही. त्याच्याकडून वेगळा हस्तांतर दस्त घ्या. संशोधक म्हणून त्याचे नाव पेटंटवर राहील, मालकी कंपनीची राहील, हे दोन्ही त्याला समोर बसवून समजावून सांगा आणि काही मोबदला द्या. नाव लागणार आहे हे कळल्यावर बहुतेक माणसे आनंदाने सही करतात, असा माझा अनुभव आहे. कुरबुर होते ती अंधारात ठेवल्यावर.

आता दस्त. कायद्याने हस्तांतर लेखी असावे लागते. तोंडी बोलणे, व्हॉट्सॲपवरचा ‘चालेल मामा’ किंवा कंपनीच्या बैठकीच्या टिपणातले एक वाक्य यांवर विसंबू नये. दस्तात तुमच्या अर्जाचा क्रमांक आणि तारीख घाला, कारण शोध अर्ज क्रमांकाने ओळखता यावा, नाहीतर हस्तांतर करून देणाऱ्याने तो दस्त याच अर्जातल्या शोधाचा आहे असे मान्य केलेले असावे, अशी कलम २० ची अट आहे. केवळ ‘गुऱ्हाळाच्या यंत्राचे सर्व हक्क’ असे लिहून भागत नाही. त्यापुढे हे हक्क कुठवर पोहोचतात ते लिहा: शोध, हा अर्ज, त्यावरचे कम्प्लीट स्पेसिफिकेशन, त्यातून पुढे निघणारे भारतातले आणि परदेशातले सर्व अर्ज, आणि या अर्जाची प्रायॉरिटी मागण्याचा हक्क. परदेशात जायचे असेल तर हा शेवटचा हक्क स्वतंत्रपणे आणि ठळकपणे लिहिलेला असावा. डिझायनरच्या दस्तात अर्ज क्रमांकाबरोबर झडपेचे थोडक्यात वर्णन आणि चित्र जोडा, कारण प्रोव्हिजनलमध्ये झडप नाही, आणि नुसता क्रमांक लिहिल्याने त्याचा भाग त्यात आला असे होत नाही.

क्रियापद वर्तमानकाळी हवे. ‘हस्तांतरित करण्याचे मान्य करतो’ हे पुढे काहीतरी करण्याचे वचन झाले. ‘या दस्ताद्वारे हस्तांतरित करीत आहे’ म्हटल्याने हक्क त्या क्षणी जातो. अमेरिकेतले स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि रोश ही औषध कंपनी यांच्या वादात नेमके हेच झाले. संशोधकाने विद्यापीठाला हक्क देण्याचे मान्य केले होते, आणि नंतर दुसऱ्या एका कंपनीच्या कागदावर त्याच क्षणी हक्क देणाऱ्या वाक्यावर सही केली होती. अमेरिकेच्या फेडरल सर्किट न्यायालयाने नंतरच्या कागदाला वरचढ धरले, आणि २०११ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयातही विद्यापीठ हरले. इतक्या मोठ्या विद्यापीठाला जे वाक्य महागात पडले, ते आपल्याकडच्या बाँडवर सर्रास दिसते, कारण लिहिणाऱ्याच्या हाताला जमिनीच्या साठेकराराची भाषा बसलेली असते.

कंपनीची तारीख पाहा. कंपनी तिच्या नोंदणी प्रमाणपत्रावरच्या तारखेला अस्तित्वात येते. त्याआधी सही केलेल्या दस्तात ‘नियोजित कंपनी’च्या नावे हक्क दिले असतील तर घेणाराच नव्हता, असा आक्षेप येऊ शकतो. तसा कागद झाला असेल तर नव्याने करा. तुम्ही स्वतः हक्क देणारेही आणि कंपनीचे संचालकही आहात, म्हणून कंपनीच्या बाजूने दुसऱ्या संचालकाने सही करावी, संचालक मंडळाचा ठराव असावा आणि तुमचे हितसंबंध कंपनी कायद्याच्या कलम १८४ प्रमाणे नोंदवले जावेत. मोबदल्याचा आकडा किंवा त्या बदल्यात मिळणारे शेअर दस्तात स्पष्ट लिहा. विनामोबदला करार करार कायद्याच्या कलम २५ मुळे अडचणीत येऊ शकतो, आणि त्या मोबदल्यावरच्या आयकराचे तुमच्या सीएशी आधी बोलून घ्या.

स्टँपचा विषय सीमाभागात विशेष लक्ष देण्यासारखा आहे. दस्त बेळगावात झाला तर १९५७ चा कर्नाटक मुद्रांक कायदा लागतो. भांडवलदाराच्या सोयीसाठी कोल्हापुरात झाला तर महाराष्ट्राचा लागतो, आणि एका राज्यात झालेला दस्त दुसऱ्या राज्यात वापरायचा झाला तर फरकाचे शुल्क भरावे लागू शकते. कमी शुल्काचा दस्त शुल्क आणि दंड भरेपर्यंत पुराव्यात घेतला जात नाही. म्हणून सही एकाच ठिकाणी, एकाच राज्यात करा आणि शुल्क आधी वकिलाकडून ठरवून घ्या. ई-स्टँप प्रमाणपत्र हातात आल्यावर ते वाचा. त्यावर दस्ताचे वर्णन, पहिला पक्ष, दुसरा पक्ष, आणि खरेदीची तारीख व वेळ छापलेली असते. वर्णनाच्या रकान्यात ‘ॲफिडेव्हिट’ आणि दुसऱ्या पक्षाच्या जागी नुसते आडनाव, असे कागद माझ्या टेबलावर अनेकदा येतात. हस्तांतर दस्ताला ते चालवून घेऊ नका. कंपनीचे नाव नोंदणी प्रमाणपत्रावर आहे तसेच, प्रत्येक अक्षरानिशी असावे. व्यक्तींच्या नावांचे स्पेलिंग आधार, पॅन आणि फॉर्म १ (मूळ पेटंट अर्जाचा फॉर्म) यांत एकच असावे. आपल्या भागात आधारवर नाव कानडीतून इंग्रजीत जाताना एखादे अक्षर बदललेले असते, आणि बेळगाव शहराचे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बदलल्यामुळे जुन्या कागदांवर पत्त्याचे स्पेलिंगही वेगळे असते. फरक असेल तर दस्तातच ‘हीच व्यक्ती’ असा खुलासा करा.

मागची तारीख घालून दस्त करण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका. ई-स्टँपवरची वेळच ते उघडे पाडते, आणि पुढे खोट्या दस्ताचा प्रश्न मूळ प्रश्नापेक्षा मोठा होतो. आधी तोंडी ठरले होते असे खरोखर असेल, तर आजच्या तारखेच्या दस्तात ती हकीकत लिहावी आणि हक्क आजच्या तारखेने द्यावा. भाषेबद्दल सांगायचे तर दस्त मराठीत करायला हरकत नाही आणि घरच्या माणसाला तो नीट कळतो, हा त्याचा मोठा फायदा आहे. मात्र पेटंट कार्यालयात कागद हिंदीत किंवा इंग्रजीत लागतात. मी मूळ दस्त इंग्रजीत करून त्याचा मराठी मजकूर सही करणाऱ्याला आधी वाचायला देतो, म्हणजे नंतर भाषांतराचा घोळ राहत नाही.

शुल्काचे थोडक्यात सांगतो. तुम्ही व्यक्ती म्हणून कमी दराने शुल्क भरले आहे. अर्ज मोठ्या कंपनीकडे गेला तर पेटंट नियमावलीतल्या नियम ७ प्रमाणे दरातला फरक हस्तांतराच्या मागणीबरोबर भरावा लागतो. तुमच्या कंपनीची उद्यम नोंदणी असेल आणि ती पेटंट नियमांतल्या ‘स्मॉल एंटिटी’च्या व्याख्येत बसत असेल, किंवा स्टार्टअप म्हणून मान्यता असेल, तर फॉर्म २८ देऊन कमी दर टिकवता येतो. कंपनी आल्यावर एजंटचे अधिकारपत्रही, म्हणजे फॉर्म २६, कंपनीकडून नव्याने द्यावे लागते.

अमेरिकेचा विचार असल्यामुळे तारखेची गोष्ट इथे कडक होते. भारतीय प्रोव्हिजनलच्या आधारावर परदेशात प्रायॉरिटी मागायची असेल तर बारा महिने प्रोव्हिजनलच्या तारखेपासून मोजले जातात, कम्प्लीटच्या नव्हे. पॅरिस कराराच्या चौथ्या कलमाप्रमाणे हा हक्क पहिला अर्ज करणाऱ्याला किंवा त्याच्या हक्कवारसाला असतो. परदेशातला किंवा पीसीटी (अनेक देशांसाठीचा एकच आंतरराष्ट्रीय) अर्ज कंपनीच्या नावाने करणार असाल, तर त्या दिवसाआधी कंपनी हक्कवारस झालेली असली पाहिजे. भारतात फॉर्म ६ मागाहून चालतो, पण परदेशासाठी दस्त मागाहून चालेल असे धरू नका. याचे गाजलेले उदाहरण जनुक-संपादनाच्या क्रिस्पर तंत्राचे आहे. ब्रॉड इन्स्टिट्यूट या अमेरिकन संशोधनसंस्थेच्या युरोपीय पेटंटामागच्या अमेरिकन प्रोव्हिजनल अर्जातला एक अर्जदार नंतरच्या अर्जात नव्हता आणि त्याने प्रायॉरिटीचा हक्क सोपवल्याचा दस्त नव्हता. प्रायॉरिटी गेली, मधल्या काळात प्रसिद्ध झालेले लेखन आड आले, आणि युरोपीय पेटंट कार्यालयाने २०१८ मध्ये ते पेटंट रद्द केले. २०२० मध्ये अपीलही फेटाळले गेले. त्याच कार्यालयाच्या विस्तारित अपील मंडळाने ऑक्टोबर २०२३ मध्ये, प्रायॉरिटी मागणाऱ्याला तो हक्क आहे असे खंडन होईपर्यंत गृहीत धरावे, असा निर्णय देऊन कडकपणा बराच कमी केला. तरी ज्याच्या हाती आधीच्या तारखेचा दस्त आहे त्याला या गृहीतकावर विसंबावे लागत नाही.

अमेरिकेत हस्तांतर तिथल्या पेटंट कार्यालयात नोंदवले जाते. तिथल्या कायद्याच्या कलम २६१ प्रमाणे ते दस्ताच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत, किंवा आधीच्या हस्तांतराची कल्पना नसलेल्या दुसऱ्या कोणी मोबदला देऊन तोच हक्क घेण्यापूर्वी, नोंदवले नाही तर त्या दुसऱ्या खरेदीदाराविरुद्ध ते टिकत नाही. तिथे कोणी अमेरिकन प्रोव्हिजनल केला असेल आणि नंतरच्या अर्जात नवा मजकूर घातला असेल, तर प्रोव्हिजनलवर नोंदवलेला दस्त त्या नव्या मजकुरापर्यंत पोहोचत नाही, नवा दस्त लागतो. तुमची झडप हे त्याचेच उदाहरण आहे.

झडपेमुळे आणखी एक बंधन येते. भारतात राहणाऱ्या संशोधकाला परदेशात अर्ज करण्याआधी कलम ३९ प्रमाणे एकतर त्या शोधाचा भारतात अर्ज करून सहा आठवडे थांबावे लागते, किंवा फॉर्म २५ वर परवानगी घ्यावी लागते. प्रोव्हिजनलमधल्या भागाचे सहा आठवडे केव्हाच होऊन गेले, पण झडप अजून भारतात कुठेच दाखल नाही. उरलेल्या दोन महिन्यांत दोन मार्ग आहेत. कम्प्लीट स्पेसिफिकेशन लगेच, या आठवड्यात-पुढच्या आठवड्यात दाखल करून सहा आठवडे मोजणे, किंवा फॉर्म २५ देणे, ज्यावर साधारणपणे एकवीस दिवसांत निर्णय होतो. मी तुमच्या जागी दुसरा मार्ग घेईन, कारण पहिल्यात हाताशी मोकळे दिवस जवळजवळ उरत नाहीत. परवानगीशिवाय गेल्यास भारतातला अर्ज सोडून दिला असे धरले जाते आणि शिक्षेचीही तरतूद आहे.

फॉर्मांच्या गोंधळाबद्दल एक सूचना. त्याच कंपनीचे नाव किंवा पत्ता बदलला तर फॉर्म १३, अर्ज चालू असताना मालक बदलला तर फॉर्म ६, आणि पेटंट मिळाल्यानंतर मालक बदलला तर फॉर्म १६. पेटंट मिळाल्यानंतरचे हस्तांतर कलम ६९ प्रमाणे नोंदवले नाही, तर न्यायालय किंवा कंट्रोलर वेगळे सांगेपर्यंत तो दस्त मालकीचा पुरावा म्हणून घेतला जात नाही.

शेवटी कोल्हापूरकर भागीदाराच्या आग्रहाबद्दल. कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय कोल्हापुरात असल्यामुळे अर्ज चेन्नईहून मुंबईला हलवावा, असे ते म्हणतात असे तुम्ही लिहिले आहे. कर्नाटकातले अर्ज चेन्नईच्या पेटंट कार्यालयाकडे आणि महाराष्ट्रातले मुंबईकडे जातात हे खरे, पण एकदा ठरलेले कार्यालय नियम ४ प्रमाणे सहसा बदलत नाही, आणि अर्जदार बदलला म्हणून अर्ज मुंबईला जाणार नाही. सगळे दाखले ऑनलाइन जातात आणि सुनावणी व्हिडिओवर होते, त्यामुळे यात तुमचे काही अडत नाही. पुढे याच यंत्राच्या नव्या सुधारणेचा स्वतंत्र अर्ज कंपनीच्या नावाने कराल, तेव्हा तो मुंबईला करता येईल.